बॉल्चबाईंची नोकरी

स्मरणिकेसाठी लेख मागवल्याचा निरोप गटावर आला आणि बहुतेकांनी आठवणी लिहायला घेतल्या. मधल्या सुट्टीतले डबे, गॅदरिंग, दहावीची सहल हे सगळं माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे आपल्या तुकडीत पुष्कळ आहेत. मी एका बाईंबद्दल लिहिते, ज्या आपल्या शाळेत कधीच नव्हत्या. त्या समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकवायच्या आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांची नोकरी गेली. आपण ते महायुद्ध 'कारणे व परिणाम' असं दोन पानांत संपवलं होतं. त्या दोन पानांत न मावलेली ही गोष्ट आहे.

बाईंचं नाव एमिली ग्रीन बॉल्च. मी नोकरीनिमित्त बॉस्टनजवळ राहते. कामावर जाताना माझी लोकल वेलस्ली नावाच्या गावावरून जाते. (तैनाती फौजेवाल्या लॉर्ड वेलस्लीचा या गावाशी काही संबंध नाही. नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही तोच आठवला होता.) तिथे मुलींचं एक जुनं, नामांकित कॉलेज आहे. बॉल्चबाईंनी तिथे वीसेक वर्षं शिकवलं. आपल्या शाळेच्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना बॉल्चबाईच म्हणणार आहे, गुरुजनांनी राग मानू नये.

त्यांचा जन्म ८ जानेवारी १८६७ चा, बॉस्टनच्या जमैका प्लेन भागातला. वडील वकील, घरात पुस्तकं आणि पंथ युनिटेरियन, म्हणजे कर्मकांडापेक्षा सदाचाराला मान देणारा. आई त्या सतरा वर्षांच्या असताना गेली. पुढे फिलाडेल्फियाजवळच्या ब्रिन मॉर या नव्या महिला कॉलेजात त्या शिकल्या आणि १८८९ साली तिथून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्याच तुकडीत होत्या. हा काळ आपल्याला अनोळखी नाही. १८८६ च्या मार्चमध्ये त्याच फिलाडेल्फियात आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला पंडिता रमाबाई आवर्जून गेल्या होत्या. पुढच्या वर्षी बॉस्टनमध्ये रमाबाईंच्या कामासाठी 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झालं आणि त्या मदतीच्या बळावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. बॉल्चबाई या बायकांना भेटल्या होत्या असं मी म्हणत नाही. पण बायकांच्या पहिल्या पिढ्या शिकून बाहेर पडत होत्या आणि या शिक्षणाचं आता करायचं काय, हा प्रश्न इथे आणि तिथे एकाच वेळी उभा होता.

बॉल्चबाईंनी आधी उत्तर शोधलं ते पुस्तकात. शिष्यवृत्तीवर पॅरिसला जाऊन त्यांनी फ्रान्समध्ये गरिबांना सरकारी मदत कशी मिळते याचा अभ्यास केला आणि १८९३ मध्ये तो छापला. पण तो अभ्यास बहुतेक कागदपत्रांवरून झाला होता, गरीब माणसांशी गाठ फारशी पडली नव्हती, आणि ही गोष्ट त्यांना खटकत राहिली. परत आल्यावर बॉस्टनच्या गरीब वस्तीत 'डेनिसन हाउस' सुरू झालं, त्याची सुरुवातीची जबाबदारी त्यांनी घेतली. सुशिक्षित बायकांनी कामगारवस्तीत घर घेऊन तिथेच राहायचं आणि शेजारधर्माने काम करायचं, अशी ही कल्पना. शिकागोत जेन ॲडम्स हेच काम मोठ्या प्रमाणावर करत होत्या. दोघींची ओळख १८९२ मधली, ती शेवटपर्यंत टिकली. मात्र वस्तीतल्या कामाने एका घराची अडचण सुटते, पगार आणि भाडं यांचं मूळ गणित तसंच राहतं, असं बॉल्चबाईंना वाटू लागलं. शिकवलं तर हे गणित बघणारी शंभर माणसं तयार होतील, असा हिशेब करून त्या पुन्हा शिकायला गेल्या, शेवटी बर्लिनला, आणि १८९६ मध्ये वेलस्लीत रुजू झाल्या.

त्यांच्या शिकवण्याबद्दल जे वाचायला मिळतं त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. ग्रंथालयात बसून मत बनवलेलं त्यांना चालत नसे. मजुरीबद्दल लिहायचंय, तर कारखाना बघून या. झोपडपट्टीबद्दल लिहायचंय, तर तिथे जा, खोल्या मोजा, माणसांशी बोला. चांगल्या घरच्या मुली वह्या घेऊन बॉस्टनच्या गल्ल्यांत जात. समाजवाद, कामगार चळवळ, परदेशातून येणारे मजूर हे विषय त्या वर्गात शिकवत आणि मार्क्सही वाचायला लावत. त्या काळी मुलींच्या कॉलेजात हे धाडसच होतं. वर्गाबाहेरही त्या गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. १९०३ मध्ये कामगार स्त्रियांच्या संघटनेच्या उभारणीत त्या होत्या. मॅसॅच्युसेट्सच्या किमान वेतन आयोगावर त्यांनी काम केलं, आणि १९१२ मध्ये त्या राज्याने केलेला कायदा हा अमेरिकेतला किमान वेतनाचा पहिला कायदा ठरला. १९१३ मध्ये त्या पूर्ण प्राध्यापक आणि विभागप्रमुख झाल्या.

मधल्या काळातलं त्यांचं मोठं काम म्हणजे १९१० सालचं 'अवर स्लाव्हिक फेलो सिटिझन्स' हे पुस्तक. पूर्व युरोपातून पोलिश, स्लोव्हाक, क्रोएशियन माणसं तेव्हा जहाजं भरभरून अमेरिकेत येत होती. खाणीत आणि पोलादाच्या भट्ट्यांवर राबायची. ही अडाणी माणसं आपल्या नोकऱ्या खाणार, आपली संस्कृती बुडवणार, अशी ओरड वर्तमानपत्रांतून चालली होती. बॉल्चबाईंनी काय केलं, तर त्या लोकांच्या मूळ गावी गेल्या. तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात खेडोपाडी हिंडल्या. माणूस गाव का सोडतो, जमिनीचे तुकडे कसे पडत जातात, अमेरिकेहून आलेल्या पैशाने गावाचं काय होतं, हे त्यांनी पाहिलं. मग इकडे परतून त्याच लोकांच्या वस्त्यांमध्ये राहिल्या. पुस्तकाचे भागही तसेच दोन आहेत, आधी तिकडचं आणि मग इकडचं.

मी स्वतः व्हिसाच्या रांगेत उभी राहून इथे आलेली. आपल्यापैकी कितीतरी जण असेच पुण्याला, बंगळुरूला, दुबईला गेले. गावातून निघणाऱ्या माणसाची अशी दोन्ही टोकं धरून चौकशी करणारं लेखन आजही फार सापडत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले कार्यक्रम अडला की नोंदी उघडून सुरुवातीपासून वाचतो, कुणाच्या सांगण्यावर जात नाही. बाईंची पद्धत मला त्याच जातीची वाटते, फक्त त्यांच्या नोंदी म्हणजे माणसं होती.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये युरोपात युद्ध पेटलं. पुढच्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस हॉलंडमध्ये हेग इथे बायकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. बाकीच्यांचं सोडा, ज्यांचे देश एकमेकांवर तोफा डागत होते अशा देशांतल्याही बायका तिथे एकत्र बसणार होत्या. अमेरिकेतून चाळीसहून जास्त जणी 'नूर्डॅम' या बोटीने निघाल्या, त्यांत बॉल्चबाई होत्या. समुद्रात सुरुंग पेरलेले होते. इंग्लंडने बोट डोव्हरजवळ चार दिवस अडकवून ठेवली, परिषद चुकते की काय अशी वेळ आली. इंग्लंडमधल्या बहुतेक प्रतिनिधींना तर निघताच आलं नाही. तरी बारा देशांतल्या हजारावर बायका जमल्या. अध्यक्षस्थानी जेन ॲडम्स होत्या.

या परिषदेची टिंगल पुष्कळ झाली. पण तिथे मांडलेली योजना वाचली तर ती भाबडी वाटत नाही. युद्ध थांबायची वाट न पाहता तटस्थ देशांनी एक कायमची मध्यस्थ समिती बसवायची. तिने दोन्ही बाजूंना सतत प्रस्ताव पाठवत राहायचं, एक नाकारला तर दुसरा. आधी शस्त्रसंधी, मग बोलणी, हा क्रम त्यांनी उलटा केला. परिषदेने दोन शिष्टमंडळं युरोपच्या राजधान्यांत पाठवली. दुसऱ्या शिष्टमंडळात बॉल्चबाई, स्कॉटलंडच्या क्रिस्टल मॅकमिलन, हंगेरीच्या रोझिका श्विमर आणि हॉलंडच्या कोर रामोंट-हिर्शमन होत्या. त्या स्कँडिनेव्हियातल्या देशांत गेल्या, रशियाला गेल्या, परराष्ट्रमंत्र्यांना भेटल्या. मंत्री अदबीने ऐकून घेत. आमची हरकत नाही, दुसऱ्या कुणी पुढाकार घ्यावा, अशा सुराची उत्तरं मिळत. ऑगस्टमध्ये बॉल्चबाई अध्यक्ष विल्सन यांना भेटल्या. विल्सन यांनीही पुढाकार घेतला नाही. शरद ऋतूत त्या वेलस्लीत परतल्या आणि पुन्हा वर्ग घेऊ लागल्या. त्याच वर्षी जेन ॲडम्स, डॉ. ॲलिस हॅमिल्टन आणि बॉल्चबाई या तिघींचं हेगवरचं पुस्तक निघालं.

पुढचा भाग नोकरीचा. १९१६-१७ चं वर्ष बाईंनी हक्काच्या रजेचं घेतलं होतं. त्या न्यूयॉर्कमध्ये शांततावादी संघटनांचं काम करू लागल्या. ६ एप्रिल १९१७ ला अमेरिका युद्धात उतरली आणि हवा पालटली. जूनमध्ये हेरगिरीविरोधी कायदा आला. नाव हेरगिरीचं, पण त्याखाली भाषणं करणारे तुरुंगात गेले. समाजवादी पुढारी युजीन डेब्स यांना १९१८ मधल्या एका भाषणासाठी दहा वर्षांची शिक्षा झाली. विद्यापीठंही मागे नव्हती. कोलंबिया विद्यापीठाने ऑक्टोबर १९१७ मध्ये दोन प्राध्यापकांना काढलं आणि त्याचा निषेध म्हणून इतिहासकार चार्ल्स बिअर्ड यांनी राजीनामा दिला, तोही स्वतः युद्धाच्या बाजूचे असताना. अशा दिवसांत बॉल्चबाई सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध बोलत होत्या आणि सदसद्विवेकाला स्मरून बंदूक नाकारणाऱ्या तरुणांची बाजू घेत होत्या. रजा त्यांनी आणखी एक वर्ष वाढवून घेतली. आपल्यामुळे कॉलेजची अडचण होते आहे हे त्यांना दिसत होतं.

त्यांची नेमणूक पाच वर्षांची होती, ती १९१८ मध्ये संपली. विश्वस्त मंडळाने निर्णय आधी एक वर्ष लांबणीवर टाकला. मग नेमणूक पुढे चालू न ठेवण्याचा ठराव झाला. कॉलेजातल्या अनेकांची बाईंना साथ होती, तरी झाला. कुणी त्यांना नालायक म्हटलं नाही, आरोपपत्र दिलं नाही. फक्त नूतनीकरण केलं नाही. 'बडतर्फ' म्हणण्याची वेळच येऊ न देण्याची ही युक्ती आपल्याकडच्या कचेऱ्यांतही ओळखीची आहे.

विश्वस्तांना खलनायक करणं सोपं आहे. मला ते तसे दिसत नाहीत. कॉलेज देणग्यांवर चालायचं, मुली ज्या घरांतून यायच्या त्या घरांतले मुलगे फ्रान्समध्ये खंदकात होते, आणि बाहेर देशभक्तीचं वारं असं की साधी शंका काढणाराही देशद्रोही. संस्था जपणं हे विश्वस्तांचं कामच आहे. तरीही एक प्रश्न उरतो. ज्या बाईंनी वीस वर्षं मुलींना 'स्वतः जाऊन बघा आणि मग मत बनवा' असं शिकवलं, त्यांनी स्वतः जाऊन बघितलं, पेट्रोग्राडपर्यंत जाऊन बघितलं, आणि मत बनवलं. मग संस्था नेमकं काय जपत होती?

बाईंनी स्वतः हा प्रश्न जाहीरपणे विचारलाच नाही. गाजावाजा करायला त्या तयार नव्हत्या. कॉलेजला त्यांनी पत्र लिहून आपली भूमिका सांगितली. युद्धाचा मार्ग आणि येशूची शिकवण यांचा मेळ आपल्याला घालता येत नाही, असं तिचं सार होतं. वय ५२, लग्न केलेलं नाही, पेन्शन नाही, पुढे काय याचा पत्ता नाही. काही काळ त्यांनी न्यूयॉर्कच्या 'द नेशन' साप्ताहिकाच्या संपादक वर्गात काम केलं. आपण सगळे आता चाळिशीत आहोत, घराचे हप्ते आणि मुलांच्या फिया भरतो आहोत. ५२ हा आकडा म्हणूनच मला इतका जवळचा वाटला.

१९१९ च्या मे महिन्यात झुरिकला हेगच्या बायका पुन्हा जमल्या. यावेळी जर्मनी आणि ऑस्ट्रियातून आलेल्या जणी उपासमारीने इतक्या सुकल्या होत्या की जुन्या ओळखीच्यांनाही धक्का बसला. व्हर्सायच्या तहाच्या अटी नुकत्याच जाहीर झाल्या होत्या, आणि त्यांचा उघड निषेध सर्वांत आधी करणाऱ्यांत ही परिषद होती. या अटींतून नवी युद्धं जन्माला येतील, असं त्यांच्या ठरावाचं म्हणणं होतं. तो ठराव जिंकलेल्या देशांतल्या बायकांनीही मान्य केला होता. एक फ्रेंच प्रतिनिधी उशिरा पोचली. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या भागातली ती बाई. व्यासपीठावरची जर्मन प्रतिनिधी पुढे आली आणि दोघींनी हात हातात घेतले. तेव्हा बॉल्चबाई उठून उभ्या राहिल्या, हात वर करून त्यांनी आपलं आयुष्य शांततेच्या कामाला वाहून घेतल्याची शपथ घेतली, आणि सारं सभागृह त्यांच्यामागून उभं राहिलं. एरवी अशा सामुदायिक शपथा मला जड जातात. इथे मात्र शपथ घेणारीची नोकरी नुकतीच गेली होती.

त्याच परिषदेत संघटनेला 'विमेन्स इंटरनॅशनल लीग फॉर पीस अँड फ्रीडम' हे नाव मिळालं, आणि बॉल्चबाई तिच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चिटणीस झाल्या. कचेरी जिनिव्हात. आता काम चिटणिसाचं, म्हणजे पत्रव्यवहार, पत्रकं, हिशेब, वेगवेगळ्या देशांतल्या शाखांची भांडणं मिटवणं. तीन वर्षं त्यांनी ते केलं. १९२१ मध्ये त्या क्वेकर झाल्या. १९३४ मध्ये संघटनेकडे पैसे उरले नाहीत तेव्हा पुन्हा दीड वर्ष बिनपगारी चिटणीस राहिल्या.

मधली हैतीची हकीकत त्यांच्या पद्धतीचा उत्तम नमुना आहे. १९१५ पासून अमेरिकी नौसैनिकांनी हैती ताब्यात ठेवलं होतं. १९२६ मध्ये बॉल्चबाई सहा जणांची समिती घेऊन तिथे गेल्या. त्यात ॲडी हंटन आणि शार्लट ॲटवुड या दोन कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या, आणि त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. सगळ्यांशी बोलून पुढच्या वर्षी 'ऑक्युपाइड हैती' हे पुस्तक काढलं. रस्ते आणि दवाखाने झालेत हे पुस्तक नाकारत नाही. पण परक्याने बंदुकीच्या धाकाने केलेलं भलं लोकांना राज्य चालवायला शिकवत नाही, तेव्हा ताबा सोडा, असा त्याचा रोख आहे. सरकारने १९३० मध्ये आपली चौकशी समिती पाठवली आणि १९३४ मध्ये फौज परत आली. ते एका पुस्तकामुळे झालं असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. पण सरकारी समितीच्या आधी तीन वर्षं हे लिहून ठेवलेलं होतं.

दुसऱ्या महायुद्धात त्यांची खरी कसोटी लागली, आणि याबद्दल त्यांचे चाहतेही थोडं अडखळत लिहितात. हिटलरच्या छळातून सुटून आलेल्यांना अमेरिकेत आसरा मिळावा म्हणून त्या धडपडत होत्या. जे चाललं होतं ते त्यांना जवळून कळत होतं. शेवटी, या वेळी शस्त्राने प्रतिकार करण्याला आपण विरोध करू शकत नाही, अशा निष्कर्षाला त्या आल्या. लीगमधल्या कट्टर शांततावादी मैत्रिणी दुखावल्या. मला वाटतं, १९१७ साली जी बाई सगळ्यांच्या विरुद्ध उभी राहिली तीच १९४० नंतर स्वतःच्या माणसांच्या विरुद्ध उभी राहिली, आणि दोन्ही वेळा कारण एकच होतं. त्यांनी समोर काय आहे ते पाहिलं होतं. युद्धाला पाठिंबा दिला तरी अमेरिकेतल्या जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत कोंडलं तेव्हा त्यांनी त्या लोकांची बाजू सोडली नाही.

वेलस्लीबद्दल सांगायचं राहिलं. नोकरी गेली तरी बाईंनी ते गाव काही टाकलं नाही. कॉलेजचा त्यांनी कधी राग धरलेला दिसत नाही. १९३५ मध्ये कॉलेजने त्यांना युद्धविराम दिनाचं भाषण करायला बोलावलं, म्हणजे ज्या युद्धापायी काढलं त्याच्याच स्मृतिदिनी! त्या गेल्या आणि बोलल्या. १९४६ मध्ये त्यांच्या मैत्रिणींनी नोबेलसाठी त्यांचं नाव पुढे केलं तेव्हा पाठिंबा देणाऱ्यांत तत्त्वज्ञ जॉन ड्यूई होते, तशा वेलस्लीच्या तेव्हाच्या अध्यक्षा मिल्ड्रेड मॅकफी हॉर्टनही होत्या. त्या वर्षीचं शांततेचं नोबेल बॉल्चबाई आणि वायएमसीएचे जॉन मॉट यांना विभागून मिळालं. हा मान मिळालेल्या त्या तिसऱ्या स्त्री, आधीच्या दोघी म्हणजे बर्था फॉन सुटनर आणि जेन ॲडम्स. अमेरिकी सरकारकडून अभिनंदनाचा शब्द आला नाही. वाट्याला आलेले पैसे बाईंनी लीगला देऊन टाकले.

प्रकृतीमुळे ऑस्लोला जाऊन नोबेलचं भाषण द्यायला १९४८ चा एप्रिल उजाडला. तेव्हा त्या ८१ वर्षांच्या होत्या. जगाचं एकच सरकार व्हावं अशा कल्पनांची तेव्हा चलती होती. बाईंचा ओढा त्याकडे नव्हता. टपाल, विमान वाहतूक, जलमार्ग, ध्रुवप्रदेश अशा एकेका कामापुरते देश एकत्र आले की सवय लागते, असं त्यांचं बरीच वर्षं म्हणणं होतं, आणि त्यावर त्यांनी बारीक बारीक योजनाही लिहिल्या होत्या. इंटरनेट ज्या मामुली करारांवर चालतं ते करार रोज हाताळणाऱ्या मला हे लगेच पटतं.

९४ वा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, ९ जानेवारी १९६१ ला, केंब्रिजच्या एका शुश्रूषागृहात त्या गेल्या. अंटार्क्टिकावर कुणी सैन्य ठेवायचं नाही, असा करार बारा देशांनी आदल्याच्या आदल्या वर्षी केला होता. तो त्याच जूनमध्ये लागू झाला.